कोयनेचा धडा, माजिवड्याची परीक्षा

विशेष प्रतिनिधी

घोडबंदर रस्ता आणि मुंबई-नाशिक महामार्ग जेथे एकत्र येतात, त्या माजिवडा नाक्याच्या परिसराने गेल्या दोन-तीन दशकांत ठाण्याचे रूप पालटलेले पाहिले आहे. जुने गावठाण, त्याला लागून ऐंशीच्या दशकातील चार-पाच मजली सोसायट्या आणि त्यांच्यामागे तीस-चाळीस मजल्यांचे मनोरे, असे तीन काळ येथे शेजारी शेजारी नांदतात. येथील घरखरेदीदार पाण्याची चौकशी करतो, वाहनतळाची करतो, मेट्रोचे स्थानक किती अंतरावर आहे हेही विचारतो. मात्र इमारत भूकंपाच्या कोणत्या निकषांवर बांधली आहे, हा प्रश्न अपवादानेच विचारला जातो. 'आपल्याकडे भूकंप होत नाहीत' ही समजूत त्यामागे आहे. हीच समजूत १९६७ पर्यंत कोयनेच्या खोऱ्यात आणि १९९३ पर्यंत किल्लारीत होती.

ही समजूत कशी मोडली, याचा इतिहास एका शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीतून चांगला उलगडतो. डॉ. हर्ष गुप्ता हे नाव मराठी वाचकाला फारसे परिचित नसले, तरी त्यांच्या संशोधनाचा बहुतांश भाग सातारा जिल्ह्यातील कोयनेभोवती फिरत आला आहे. धरणांमुळे भूकंप घडू शकतात काय, या जगभर चर्चिल्या गेलेल्या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्राच्या भूमीत सापडले. त्या उत्तराचा ठाणेकरांच्या दैनंदिन जीवनाशी जो संबंध आहे, तो तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. रिश्टर मापनानुसार ६.३ तीव्रतेच्या या धक्क्याने सुमारे १८० जणांचा बळी घेतला, दोन हजारांहून अधिक लोक जखमी झाले आणि कोयनानगरमधील बहुतेक घरे जमीनदोस्त झाली. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला. कोयनेची वीज खंडित झाल्याने मुंबईतील उद्योगांनाही त्याची झळ बसली. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. धरण मात्र उभे राहिले. पुढे त्याला मागील बाजूने आधार देऊन ते बळकट करण्यात आले.

त्या काळी दख्खनचे पठार म्हणजे भूगर्भीयदृष्ट्या स्थिर, 'मेलेला' प्रदेश, असे मानले जाई. भूकंप हिमालयात, ईशान्येत किंवा कच्छमध्ये व्हायचे. परंतु १९६२ पासून शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागताच परिसरात लहान धक्के व भूगर्भातून गडगडाट जाणवू लागला होता. पुण्याजवळील खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने १९६३ पासून तेथे भूकंपमापक यंत्रे बसविली होती. त्यामुळे मुख्य धक्का आला, तेव्हा शास्त्रज्ञांच्या हाती त्यापूर्वीच्या काही वर्षांच्या नोंदी होत्या. धरणाच्या आतील यंत्राने टिपलेला जमिनीच्या हालचालीचा आलेख तर जगभरच्या धरण अभियंत्यांनी आजवर असंख्य वेळा वापरला आहे.

गुप्ता यांचा जन्म १९४२ चा. धनबादच्या खाणशास्त्र संस्थेत भूभौतिकीचे शिक्षण आणि रुरकी विद्यापीठाची डॉक्टरेट घेतलेल्या या तरुणाची कर्मभूमी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, म्हणजे 'एनजीआरआय', ही होती. संस्थेची स्थापनाच १९६१ ची. कोयनेचा भूकंप ही या नव्या संस्थेपुढील पहिली मोठी परीक्षा ठरली. हरी नारायण, बी. के. रस्तोगी आदी सहकाऱ्यांसह गुप्ता यांनी कोयनेच्या भूकंपावरील अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये गुप्ता व रस्तोगी यांचे 'डॅम्स अँड अर्थक्वेक्स' हे पुस्तक आले. धरण आणि भूकंप यांच्या नात्याची पद्धतशीर मांडणी करणारा हा ग्रंथ या विषयातील पायाभूत संदर्भ मानला जातो.

पाण्याचे वजन नव्हे, पाण्याचा दाब

धरणामुळे भूकंप होतो म्हणजे नेमके काय होते? सर्वसामान्य कल्पना अशी की, पाण्याच्या प्रचंड वजनाने जमीन खचते. कोयनेत आज १०५ टीएमसी पाणी साठते, हे खरे. तथापि, काही किलोमीटर खोलीवरील खडकांवर मुळातच जो ताण असतो, त्याच्या तुलनेत हे वजन नगण्य आहे. खरी भूमिका असते ती भेगांमध्ये झिरपणाऱ्या पाण्याची. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत युरेशियन भूपट्टाला रेटतो आहे. या रेट्याचा ताण दख्खनच्या पोटातील जुन्या प्रस्तरभंगांवरही साचत असतो. दोन बाजूंचे खडक एकमेकांवर घट्ट दाबलेले असल्याने ते घसरत नाहीत. भेगांतील पाण्याचा दाब वाढला की ही पकड सैल होते आणि जो प्रस्तरभंग कधी काळी सरकणारच होता, तो लवकर सरकतो.

म्हणूनच शास्त्रज्ञ आता अशा भूकंपांना धरणाने 'निर्माण केलेले' म्हणण्याऐवजी धरणाने 'चाळवलेले' म्हणणे अधिक योग्य समजतात. हा शब्दांचा खेळ नाही. ऊर्जा निसर्गाचीच असते. पाणी फक्त शेवटचा धक्का देते. साहजिकच ज्या ठिकाणी खडक आधीच तणावाच्या काठावर आहेत, तेथेच धरण धोकादायक ठरते. जगात हजारो मोठी धरणे असताना मूठभर ठिकाणीच असे मोठे भूकंप का झाले, याचे उत्तर यात आहे. सहा आणि त्याहून अधिक तीव्रतेची सर्वज्ञात उदाहरणे चारच आहेत : चीनमधील शिनफेंगजियांग (१९६२), झांबिया-झिम्बाब्वे सीमेवरील करिबा (१९६३), ग्रीसमधील क्रेमास्टा (१९६६) आणि कोयना (१९६७).

गुप्ता यांचे वेगळेपण असे की, ते कारणमीमांसेवर थांबले नाहीत. धरणाने चाळवलेला भूकंप नैसर्गिक भूकंपापासून ओळखायचा कसा, याच्या कसोट्या त्यांनी सहकाऱ्यांसह मांडल्या. अशा भूकंपाआधी लहान धक्क्यांची मालिका असते, लहान धक्क्यांचे प्रमाण मोठ्यांच्या तुलनेत अधिक असते, नंतरचे धक्के दीर्घकाळ रेंगाळतात आणि त्यांतील सर्वांत मोठा धक्का मुख्य धक्क्याच्या बराच जवळ जातो. जलाशय भरण्याच्या वेगाचाही त्यांनी अभ्यास केला. पातळी आठवड्याला सुमारे १२ मीटरपेक्षा अधिक वेगाने चढली, तर कोयनेत पाचहून अधिक तीव्रतेच्या धक्क्याची शक्यता बळावते. मात्र तेवढ्याने धक्का येईलच असे नाही, हा त्यांचा निष्कर्ष. धरण कसे भरावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ सिंचन आणि विजेच्या गणितापुरता राहिला नाही.

जवळच्या वारणा जलाशयातील पाणीसाठा वाढल्यावर, १९९३ च्या सुमारास धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे सरकले. कोयना-वारणा पट्ट्यात १९६७ नंतरही पाचहून अधिक तीव्रतेचे धक्के अनेकदा बसले. पावसाळ्यात धरणे भरली की आणि पुढे ती रिकामी होऊ लागली की धक्के वाढतात, हे या पट्ट्याचे ठरलेले वेळापत्रक बनले आहे. सुमारे ३० बाय २० किलोमीटरच्या एवढ्याशा टापूत भूकंप वारंवार होतात आणि आसपास दुसरे कोणतेही केंद्र नाही. संशोधकांच्या दृष्टीने याहून चांगली नैसर्गिक प्रयोगशाळा मिळणे कठीण आहे.

भाकिताची मर्यादा

गुप्ता यांची कारकीर्द कोयनेपुरती सीमित नव्हती. १९८३-८४ मध्ये त्यांनी तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व केले. भारताचे पहिले तळ 'दक्षिण गंगोत्री' याच मोहिमेत उभे राहिले. १९८३ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक, कोची येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचे कुलगुरूपद, १९९२ ते २००१ या काळात 'एनजीआरआय'चे संचालकपद आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या महासागर विकास विभागाचे सचिवपद, असा त्यांचा प्रवास आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी ते याच पदावर होते. हैदराबादला २००७ मध्ये सुरू झालेल्या त्सुनामी इशारा केंद्राच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. पुढे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सदस्य या नात्याने धोरण ठरविणाऱ्यांतही ते होते.

भूकंपाचे भाकीत हा या शास्त्रातील सर्वांत मोहक आणि तितकाच निसरडा विषय. गुप्ता यांनी त्यातही हात घातला. ईशान्य भारतातील धक्क्यांच्या नोंदी अभ्यासून त्यांनी व एच. एन. सिंह यांनी १९८६ मध्ये भारत-म्यानमार सीमेवरील मोठ्या भूकंपाची शक्यता वर्तविली होती. ६ ऑगस्ट १९८८ रोजी त्या भागात सातहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनेत २००५ नंतर लहान धक्क्यांच्या जमावावरून चारच्या आसपास तीव्रतेच्या धक्क्यांचे अल्पकालीन अंदाज बांधण्याचे प्रयोग झाले. त्यांतील काही अंदाज खरेही ठरले.

अर्थात या यशाचा चुकीचा अर्थ काढता कामा नये. एका लहानशा, दशकानुदशके यंत्रांच्या पहाऱ्याखाली असलेल्या पट्ट्यात जे जमते, ते ठाणे-मुंबईसारख्या तुरळक नोंदींच्या प्रदेशात जमत नाही. दिवस आणि वेळ सांगणारे भाकीत जगात कोणीही विश्वासार्हपणे करू शकत नाही. समाजमाध्यमांवर फिरणारे 'अमुक दिवशी मुंबईत भूकंप' असे संदेश म्हणूनच निःशंकपणे खोटे समजावेत.

भूकंप जेथे जन्मतो तेथेच यंत्र नेऊन ठेवायचे, ही या संशोधनाची पुढची पायरी होती. भूविज्ञान मंत्रालयाच्या प्रकल्पातून कोयना परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोलीच्या अनेक विंधन विहिरी घेण्यात आल्या आणि त्यांत भूकंपमापक उतरविण्यात आले. २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीची प्राथमिक विहीर पूर्ण झाली. तेथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली थेट ग्रॅनाइटजन्य खडक लागला. कराड येथील प्रयोगशाळा हे काम पाहते. १९६७ च्या धक्क्याने सुरू झालेला शोध पन्नास वर्षांनी जमिनीच्या पोटात पोहोचला, असे म्हणता येईल.

ठाण्याचे स्वतःचे धक्के

कोयनानगर माजिवड्यापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. मग येथील रहिवाशाने त्याची दखल का घ्यावी? पहिले कारण म्हणजे ठाणे जिल्ह्याला स्वतःचे 'कोयना' येऊन गेले आहे. शहापूर तालुक्यातील भातसा धरण माजिवड्यापासून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. मुंबई-ठाण्याला पाणी पुरविणाऱ्या या धरणाच्या परिसरात, खर्डीच्या आसपास, मे १९८३ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. १५ सप्टेंबर १९८३ रोजी त्यातील सर्वांत मोठा, पाचच्या जवळ पोहोचणारा धक्का बसला. 'एनजीआरआय'च्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आणि कोयनेत घडविलेल्या कसोट्या येथे लावल्या. धक्क्यांचा जलाशयाशी संबंध असल्याचे त्यातून दिसून आले. आज नळ सोडणाऱ्या किती ठाणेकरांना हे ठाऊक आहे?

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या पालघरमधील डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले. धुंदलवाडी हे नाव तेव्हाच राज्याला माहीत झाले. १ फेब्रुवारी २०१९ च्या चारहून किंचित अधिक तीव्रतेच्या धक्क्यानंतर अनेक आदिवासी पाड्यांवर कुटुंबांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. एकच मोठा धक्का नसून लहान धक्क्यांचा थवा, असे त्याचे स्वरूप होते. भेगांत मुरणारे पावसाचे पाणी हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून पुढे आले. कोयनेचे सूत्र येथे धरणाविना पुन्हा समोर आले.

या सर्व परिसराच्या पोटात काय आहे, याच्या खुणा जमिनीवरही दिसतात. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथील गरम पाण्याची कुंडे भाविकांना परिचित आहेत. खोल भेगांतून पाण्याची ये-जा होत असल्याचे ते लक्षण आहे. सह्याद्रीतील काळ्या पाषाणाचे जवळजवळ आडवे थर पनवेलच्या आसपास आणि त्याच्या उत्तरेस समुद्राकडे कलतात. भूशास्त्रज्ञ या वाकाला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. कोकण किनारपट्टी पूर्णतः निश्चल आहे, असे या खुणा पाहून म्हणता येत नाही. येथे उद्याच मोठा भूकंप होईल, असाही त्यांचा अर्थ नाही.

नकाशा भूकंपाच्या मागे

देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा कसा बदलत गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. कोयनेचा भूकंप झाल्यावर १९७० मध्ये तो भाग वरच्या धोकाश्रेणीत गेला. किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, तेथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि आठ ते दहा हजार माणसे दगावली. त्याआधी १९९२ च्या उत्तरार्धात तेथे लहान धक्के जाणवले होते. २००२ मध्ये पहिला विभागच रद्द करण्यात आला. त्या नकाशात कोयना चौथ्या, तर ठाणे-मुंबई तिसऱ्या म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आली. थोडक्यात, नकाशा भूकंपाच्या पुढे नव्हे, मागे चालत आला आहे. त्यामुळे नकाशातील श्रेणी ही सुरक्षिततेची हमी मानणे धोक्याचे ठरते.

किल्लारीत माणसे मारली ती दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या जड छपरांनी. शहरात मारणारे घटक निराळे असतात. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादमध्ये सातशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तेथे कोसळलेल्या अनेक बहुमजली इमारतींमध्ये एक साम्य होते. तळमजला मोटारींसाठी मोकळा, केवळ खांबांवर उभा आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले जड मजले. धक्का बसला की सारा भार या अशक्त मजल्यावर येतो. ठाण्यातील ऐंशी-नव्वदच्या दशकातील किती सोसायट्या याच पद्धतीच्या आहेत, हे रहिवाशांनी खाली उतरून स्वतःच पाहावे.

दुसरा घटक जमिनीचा. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत केंद्रबिंदू साडेतीनशे किलोमीटरहून दूर असतानाही हाहाकार उडाला, कारण शहराचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसला होता. गाळाची जमीन कंप कित्येक पटींनी वाढविते. माजिवड्याच्या उत्तरेस बाळकुम-कोलशेतच्या बाजूला खाडी आहे आणि खाडीकाठची जमीन येऊरच्या पायथ्याच्या खडकासारखी नसते. एकाच प्रभागातील दोन इमारतींना एकच धक्का वेगवेगळा जाणवू शकतो. उंच मनोऱ्यांचे पाये खडकापर्यंत नेले जातात. जुन्या इमारतींबाबत ही खात्री देता येत नाही.

परीक्षा कोणाची?

ठाणे जिल्ह्याला इमारती कोसळण्यासाठी भूकंपाची गरज लागत नाही, हे कटू वास्तव आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाटा येथे बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीत जिलानी इमारत पडून ३५ हून अधिक लोक दगावले. दोन्ही वेळी जमीन स्थिर होती. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर होतात, नोटिसा बजावल्या जातात आणि जाण्यास जागा नसल्याने माणसे तेथेच राहतात. या इमारतींना मध्यम धक्कासुद्धा सोसणार नाही, हे सांगण्यास भूकंपतज्ज्ञाची आवश्यकता नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली, तेव्हा नियमबाह्य बांधकामांना वेळोवेळी दिलेल्या माफीची चर्चा जगभर झाली. अनधिकृत इमारती नियमित करण्याच्या मागण्यांना मतांच्या हिशेबाने पाठिंबा देणाऱ्या आपल्याकडील सर्वपक्षीय पुढाऱ्यांनी ती चर्चा वाचली असेल काय, याविषयी शंका आहे.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. मात्र सळया गंजल्या आहेत काय, गळती कोठे आहे, हे पाहणे वेगळे आणि आडव्या धक्क्यात इमारत तग धरेल काय, हे पाहणे वेगळे. जुन्या इमारतींचे भूकंपदृष्ट्या मूल्यमापन व बळकटीकरण कसे करावे, याची भारतीय मानके उपलब्ध आहेत. मोकळ्या तळमजल्यात योग्य जागी भिंती किंवा तिरके आधार देणे, खांबांना वेष्टन करणे हे उपाय पुनर्विकासाच्या तुलनेत कमी खर्चाचे आहेत. तपासणीच्या अहवालात हा भाग सक्तीचा करणे महापालिकेला अशक्य नाही.

समूह विकास आणि पुनर्विकास यांमुळे ठाण्याचा मोठा भाग येत्या काळात नव्याने बांधला जाणार आहे. ही संधी आहे, तशीच जोखीमही. नव्या बांधकामाचा आराखडा निकषांनुसार असतो. प्रत्यक्ष जागेवर सळ्यांचे कडे किती अंतरावर बांधले, त्यांची टोके नीट आत वळविली की नाही, हे पाहणारा कोण, हा खरा प्रश्न आहे. मृदा चाचणीचा अहवाल आणि भूकंपविषयक आराखड्याची स्वतंत्र अभियंत्याने केलेली तपासणी रहिवाशांना पाहण्यास मिळाली पाहिजे.

गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच दशकांहून अधिक काळ खपून जे ज्ञान मिळविले, ते भाकिताच्या स्वरूपात माजिवड्याच्या दारी येणार नाही. ते येते ते बांधकामाच्या निकषांतून आणि तपासणीच्या अहवालांतून. सोसायटीच्या पुढील वार्षिक सभेत रंगकामाचा विषय येईल, लिफ्टच्या कराराचा येईल. त्याच कार्यक्रमपत्रिकेवर 'इमारतीचे भूकंपदृष्ट्या मूल्यमापन' हा विषय घालण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. सचिवाला द्यावयाचे एक पत्र त्यासाठी पुरेसे आहे.